कुपवाडची बहुभाषिकता

सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे कन्नड, मराठी, उर्दू व तेलुगू या चार भाषा दीर्घकाळ एकत्र नांदल्या. त्यांच्या सहवासातून व्याकरणांत आलेल्या सारखेपणामुळे हे गाव भाषाविज्ञानात प्रसिद्ध झाले. जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांचा येथील भाषासंपर्कावरील निबंध १९७१ मध्ये प्रकाशित झाला. तेव्हा गावाची वस्ती सुमारे ३,००० होती.

घरची भाषा समाजानुसार ठरे. जमीनदार जैन व कारागीर लिंगायत घरात कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, दलित व भूमिहीन मजूर मराठी, तर दोर वळणारी काही कुटुंबे तेलुगू. कन्नड भाषकांची वस्ती सहा शतकांहून जुनी व उर्दू भाषकांची तीन-चार शतकांची असावी, असे मानले जाते. मिरज-कोल्हापूर भागातील शिलाहारांचे अनेक कोरीव लेख कन्नडमध्ये आहेत. त्यामुळे या टापूत कन्नडचे अस्तित्व बरेच प्राचीन आहे, याविषयी दुमत नाही. पुरुषांना सहसा एकाहून अधिक भाषा येत. दोन समाजांची माणसे बोलू लागली की बहुधा मराठीचा आधार घेतला जाई. ती गावातील कोणत्याही प्रबळ गटाची घरची भाषा नव्हती, म्हणून तिच्या वापराने कोणाचा वरचढपणा सूचित होत नसे.

इतक्या सलगीनंतरही घरच्या भाषा टिकल्या, एकीने दुसरीला गिळले नाही. शब्द बहुतांशी ज्याचे त्याचे राहिले आणि वाक्याची घडण मात्र एक होत गेली. ‘पाला जरा कापून घेऊन आलो’ या मराठी वाक्यासमोर कुपवाडचे उर्दू वाक्य ‘पाला जरा काट के ले के आया’ असे येते. कन्नड वाक्यातही घटक त्याच क्रमाने व त्याच कामासाठी येतात. ‘हे तुमचे घर’ अशा विधानात प्रमाण कन्नडला क्रियापद लागत नाही, पण कुपवाडच्या कन्नडमध्ये मराठीतील ‘आहे’सारखे क्रियापद येते. उर्दूने ऐकणाऱ्याला वगळणारे ‘हम’ आणि त्याला सामावून घेणारे ‘अपुन’ असा भेद केला. तो मराठीतील ‘आम्ही–आपण’ या भेदाशी जुळतो. कन्नड, मराठी व उर्दू या तिन्हींत सर्वाधिक बदल उर्दूत आढळतात. तेलुगूचा या तुलनेत तपशीलवार विचार नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दखनी उर्दू, म्हणजे दख्खनमध्ये बोलली जाणारी उर्दू, कित्येक शतके मराठी, कन्नड व तेलुगूच्या सान्निध्यात वाढली आहे. तेव्हा कुपवाडच्या उर्दूची तुलना उत्तरेकडील प्रमाण उर्दूशी केल्यास दखनीत सर्वत्र आढळणारी वैशिष्ट्येही त्या एका गावाच्या खात्यावर जमा होण्याचा धोका आहे. दखनी हाच तुलनेचा आधार मानणे अधिक योग्य वाटते. कन्नडबाबतही प्रमाण भाषेऐवजी उत्तर कर्नाटकातील बोली पाहाव्या लागतील.

या अभ्यासाचे मराठीच्या उत्पत्तीच्या वादाशी निकटचे नाते आहे. ज्या संपादित ग्रंथात तो निबंध आला, त्याच ग्रंथात फ्रँकलिन साउथवर्थ यांनी मराठी ही भूतकाळात क्रिओलीकरणातून (भिन्न भाषकांच्या संपर्कात घडलेली कामचलाऊ मिश्र बोली पुढे मातृभाषा होण्याच्या प्रक्रियेतून) गेली असावी, असे मत मांडले. प्राकृत बोलणारे व द्राविडी भाषा बोलणारे यांच्या व्यवहारातून एक मिश्र बोली घडली व पुढे तिची मराठी झाली, असा त्याचा आशय. ‘आम्ही–आपण’ हा भेद, ‘नको’, ‘नव्हे’ यांसारखी नकारार्थी रूपे आणि ‘म्हणून’चा अवतरणदर्शक (दुसऱ्याचे बोलणे उद्धृत करणारा) वापर ही द्राविडी साम्ये या संदर्भात सांगितली जातात. विश्वनाथ खैरे यांनी याहून पुढे जाऊन मराठीची मुळे तमिळमध्ये शोधली. पण मराठीने तीन लिंगे व सामान्यरूपांची गुंतागुंत टिकवली आहे, आणि अशी रूपे क्रिओलीकरणात सहसा गळून पडतात. मरी एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचे प्रतिपादन केले होते. वेगवेगळ्या कुळांच्या भाषा द्विभाषिकांच्या तोंडी हळूहळू जवळ येतात, ही त्यातील भूमिका मराठीच्या बाबतीत अधिक पटणारी आहे. कुपवाडही त्याच भूमिकेला बळ देते. तेथे कोणाचीच भाषा मोडून नव्याने बांधली गेलेली नाही.

सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चार दशकांनंतरच्या कुपवाडचा अभ्यास करून (२०१६) गम्पर्झ व विल्सन यांचे, एका भाषेतील वाक्याचे दुसरीत शब्दाला शब्द ठेवून भाषांतर होण्याचे प्रतिमान चिकित्सकपणे तपासले. मधल्या काळात गावाचे रूपही पालटले होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर शाळा व कचेरी यांद्वारे मराठीला राज्यभाषेचे बळ मिळत गेले. औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि १९९८ मध्ये कुपवाड हे सांगली-मिरजेसह महानगरपालिकेत आले. तटस्थ दुवा असलेली मराठी आता सत्तेची भाषा झाल्याने संपर्काचा तोल मुळातच बदलला आहे.

कर्नाटकातील सारस्वतांची कोकणी हे अशा असमतोल संपर्काचे तुलनायोग्य उदाहरण होय. मंगेश नाडकर्णी यांनी १९७५ मध्ये दाखविल्याप्रमाणे तिच्या संबंधवाचक (‘जो–तो’ प्रकारच्या) वाक्यांची रचना कन्नडच्या वळणावर गेली. तेथे कोकणी भाषकांना कन्नड येते, कन्नड भाषकांना मात्र कोकणी शिकावी लागत नाही, आणि बदलही कोकणीतच झालेला आहे.