बोटांतली अवतरणचिन्हे

दोन्ही हात खांद्यापर्यंत उचलायचे, दोन-दोन बोटे दोनदा वाकवायची आणि तेवढाच शब्द जरा सुटा उच्चारायचा. तो शब्द बोलणाऱ्याला मान्य नाही, हे समोरच्याला लगेच कळते. ही लकब १९९० च्या दशकात फार पसरली, म्हणून ती तेव्हाचीच समजली जाते. पण १९२७ साली ‘सायन्स’ या अमेरिकी नियतकालिकातल्या एका मजकुरात अशा तरुणीचा उल्लेख सापडतो, जी आपले चटकदार वाक्य उसने असले की हात डोक्यावर नेऊन दोन-दोन बोटे उभी करी. त्यात उपरोध नव्हता, होता तो प्रामाणिकपणा.

एवढ्या विरामचिन्हांतून हाताने अवतरणचिन्हच का उचलले? त्यासाठी बरेच मागे जावे लागते. इ.स.पू. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख ॲरिस्टोफेनीस याने ओळीत खाली, मध्ये आणि वर ठिपके देण्याची पद्धत काढली. मोठ्याने वाचणाऱ्याने कुठे किती थांबावे, हे त्यावरून कळे. अवतरणचिन्हाची पूर्वज असलेली ‘डिपले’ ही खूणही तिथल्याच पंडितांची, पण ती पडे समासात, एखाद्या ओळीकडे लक्ष वेधण्यासाठी. ठिपके आवाजासाठी होते, डिपले फक्त डोळ्यांसाठी. स्वल्पविरामाला थांबता येते, प्रश्नाला सूर चढवता येतो. अवतरणचिन्हाला मात्र स्वतःचा असा आवाजच नाही. माझ्या मते मेख इथेच आहे: जे आवाजाला जमले नाही, ते हाताने उचलले.

हात त्याआधी रिकामे होते असे मुळीच नाही. पहिल्या शतकात रोममध्ये वक्तृत्वाचा शिक्षक क्विंटिलियन याने वक्त्यांच्या हातवाऱ्यांवर पानेच्या पाने लिहिली. प्रश्न विचारताना हाताची ठेवण एकच नसते, पण बहुधा हात वळवला जातो, असे तो सांगतो. कागदावर प्रश्नचिन्ह यायला तेव्हा अजून कित्येक शतके अवकाश होता!

विसाव्या शतकात डॅनिश-अमेरिकी विनोदवीर व्हिक्टर बोर्गे याने प्रत्येक विरामचिन्हाला एकेक चमत्कारिक आवाज आणि हातवारा बहाल केला. लोक पोट धरून हसत, कारण त्यातले बरेचसे बोलण्यात अनावश्यकच होते.

दरम्यान छापील अवतरणचिन्हाचे कामही वाढले होते. दुसऱ्याचे शब्द दाखवता दाखवता ते ‘तथाकथित’ असेही सुचवू लागले, आणि बोटांनी नेमके हेच काम उचलले. १९८९ मध्ये ‘स्पाय’ या न्यूयॉर्कच्या मासिकाने रोगाच्या साथीसारख्या पसरलेल्या उपरोधावर लेख छापला, त्यात पॉल रुडनिक आणि कर्ट अँडरसन यांनी या लकबीला ‘एअर क्वोट्स’, म्हणजे हवेतली अवतरणचिन्हे, म्हटले. १९८० च्या सुमारास ती रूढ झाली, असेही नोंदवले.

अमेरिकी सांकेतिक भाषेत अशीच वाकवलेली बोटे शीर्षकासाठी किंवा ‘तथाकथित’ या अर्थाने वापरतात. कुणाचे बोलणे जसेच्या तसे सांगायचे असेल तर मात्र खांदे आणि नजर वळवून सांगणारा काही क्षण तो माणूसच होतो.