विंचवाचा पीळ

मे महिन्यात राजापूरजवळच्या आमच्या गावी गेलो, तेव्हा भाऊकाकांची कंबर धरलेली होती. डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितलं होतं आणि काका काही केल्या तयार होईनात. कारण विचारलं तर म्हणाले, "अरे, त्यात अणू असतो म्हणे. जैतापूरला अणू नको म्हणून आम्ही उन्हात बसलो, आणि आता तोच अंगात घेऊ?"

मला हसू आलं, पण काकांचं सगळंच चुकत नव्हतं. या तंत्राच्या मूळ नावात 'न्यूक्लिअर' हा शब्द खरोखरच आहे: न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, म्हणजे एनएमआर. माणसं बिचकतात म्हणून इस्पितळांनी तो शब्द गाळून 'एमआरआय' केलं. इथला 'न्यूक्लिअर' म्हणजे केंद्रक, तेही साध्या हायड्रोजनचं. आपल्या अंगातल्या पाण्याचं आणि चरबीचं. ते फुटत नाही की किरण सोडत नाही. त्याला फक्त रेडिओलहरींनी डिवचायचं आणि ते काय उत्तर देतं ते ऐकायचं. रेडिओलहरीच्या एका कणाची ऊर्जा क्ष-किरणाच्या कणापेक्षा अब्जावधी पटींनी कमी असते.

"म्हणजे फोटो नाही काढत?" काकांनी विचारलं. मी उत्तर देणार तोच काकूंनी मागच्या पडवीतून हाक मारली. चिऱ्याच्या गडग्यातून लाल विंचू निघाला होता.

विंचवाचं जे व्हायचं ते झालं. पण मला उदाहरण आयतं मिळालं. याच लाल विंचवाच्या विषातल्या एका रेणूचा त्रिमितीय आकार १९९२ साली याच तंत्राच्या थोरल्या भावाने, प्रयोगशाळेतल्या एनएमआरने, काढलेला आहे. आज त्या विंचवाचं शास्त्रीय नाव होटेंटोट्टा टॅम्युलस, जुन्या पुस्तकांत ब्युथस टॅम्युलस. रेणूचं नाव आयबेरिओटॉक्सिन. नावात कोकणाचा मागमूस नाही, पण ज्याच्या नांगीतून तो येतो तो प्राणी आपल्या गडग्यातला आहे.

आयबेरिओटॉक्सिन हे छोटंसं प्रथिन आहे. ३७ अमिनो आम्लांची एक माळ. कुठल्या मण्यानंतर कुठला मणी येतो हे रासायनिक पद्धतीने कळतं, पण तेवढ्यावर भागत नाही. माळ सरळ ताणलेली असेल तर ती विष नव्हे. ती एका ठराविक तऱ्हेने गुंडाळली गेली की मगच पेशीच्या दारात बसते. हा गुंडा पाहायचा कसा? सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. क्ष-किरणांनी दिसतो, पण त्यासाठी प्रथिनाचे स्फटिक व्हावे लागतात आणि प्रथिनं त्या बाबतीत फार हट्टी. एनएमआरला स्फटिक लागत नाही. अर्धा मिलिलिटर पाण्यात प्रथिन विरघळवायचं, पेन्सिलीपेक्षा बारीक काचेच्या नळीत भरायचं आणि नळी चुंबकात सोडायची.

चुंबक मात्र अफाट. १४.१ टेस्लाचं क्षेत्र म्हणजे आपल्या अंगणातल्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीन लाख पटींहून अधिक. त्याची तार उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली असते. या क्षेत्रात हायड्रोजनचं केंद्रक कलत्या भोवऱ्यासारखं डुलतं, सेकंदाला ६० कोटी वेळा. आकाशवाणीचं एफएम ज्या पट्ट्यात लागतं, त्याच्या सहापट वर. त्याच कंप्रतेची रेडिओलहर सोडली की भोवरा लवंडतो आणि पुन्हा सावरताना स्वतः क्षीण संदेश देतो. फार क्षीण. एक लाख केंद्रकांतली बहुतेक उलटसुलट होऊन एकमेकांना खोडतात, जेमतेम पाचेक शिल्लक राहतात. आपण ऐकतो ते त्या पाचांचं.

इथे एक टोमणा मारल्याशिवाय पुढे जाववत नाही. आठवडा बाजारात चुंबकाची कडी विकणारे सांगतात, की रक्तातलं लोह ओढलं जातं आणि रक्ताभिसरण सुधारतं. एमआरआयच्या दीड टेस्लाच्या चुंबकात माणूस अर्धा तास पडून राहतो, त्याचं रक्त एका बाजूला जमत नाही. मग मनगटावरच्या कडीने काय होणार? पैशांचं अभिसरण होतं, इतकंच.

आता सगळे हायड्रोजन एकाच सुरात बोलले असते तर या तंत्राचा रसायनशास्त्राला काही उपयोग नव्हता. पण तसं होत नाही. प्रत्येक केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉनांची पातळ छत्री असते, ती बाहेरचं क्षेत्र किंचित अडवते आणि सूर दहा लाखांत दहा-बारा भागांच्या टप्प्यात इकडेतिकडे सरकतो. १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये अर्नोल्ड, धर्माट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी साध्या अल्कोहोलचा आलेख काढला. एका सुराऐवजी निघाले तीन, ३:२:१ या प्रमाणात: टोकाच्या कार्बनवरचे तीन हायड्रोजन, मधल्यावरचे दोन आणि ऑक्सिजनला चिकटलेला एक. काजूच्या बोंडांपासून गाळलेल्या दारूतही यातले पहिले दोन सूर सापडतील, फक्त तिसरा पाण्याच्या सुरात मिसळून जाईल आणि पाण्याचा सूर त्यांच्यावर ओरडेल. त्या तिघांतले धर्माट्टी पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथल्या एनएमआर संशोधनाचा पाया त्यांनी घातला. कुलाब्याला, समुद्राच्या अगदी काठावर. म्हणजे कोकण किनारपट्टीवरच की!

सूर वेगळे काढले तरी आकार कळत नाही. एखाद्या वाडीतल्या सगळ्यांचे आवाज ओळखता आले, म्हणून कोणाचं घर कोणाच्या शेजारी हे थोडंच समजतं? त्यासाठी लागतो एक परिणाम, ज्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. अल्बर्ट ओव्हरहाउझर यांनी १९५३ साली एका वेगळ्याच संदर्भात तो वर्तवला होता. एका केंद्रकाला डिवचलं की त्याच्या निकटच्या केंद्रकाच्या संदेशाची ताकदही बदलते. मध्ये रासायनिक बंध असायची गरज नाही, नुसती जवळीक पुरे. कुंपणापलीकडून केलेली कुजबुज जणू.

ही कुजबुज किती लांब ऐकू जाते? इथे खरी गंमत आहे. लहानशा चुंबकाचं क्षेत्र अंतराच्या तिसऱ्या घाताने उतरतं. आणि एका केंद्रकाने दुसऱ्याला उलथवण्याचा वेग त्या क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असतो. तिसऱ्या घाताचा वर्ग म्हणजे सहावा घात. अंतर दुप्पट, परिणाम चौसष्टावा हिस्सा. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग. अडीच अँगस्ट्रॉमवर कुजबुज खणखणीत, पाचावर जेमतेम, दहावर तिचा चार हजारावा भाग उरतो, म्हणजे नाहीच. म्हणून संदेश आला की समजायचं, हे दोन हायड्रोजन पाचेक अँगस्ट्रॉमच्या आत आहेत. फूटपट्टी म्हणून ती ओबडधोबड आहे, पण खोटं बोलत नाही.

अजून एक खोच. हा परिणाम घडतो तो रेणू पाण्यात गडगडतो म्हणून. तो स्थिर असता तर शेजाऱ्याचं क्षेत्रही स्थिर राहिलं असतं आणि त्याने कोणाला उलथवलं नसतं. गडगडण्यामुळे ते क्षेत्र क्षणाक्षणाला बदलतं. छोटे रेणू भराभर गडगडतात, त्यांच्यात शेजाऱ्याचा संदेश वाढतो. मोठे सावकाश, त्यांच्यात घटतो. आणि मधल्या आकाराच्या, एक-दोन हजार डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) आसपासच्या रेणूंमध्ये हे दोन्ही एकमेकांना खोडून परिणाम चक्क शून्य होतो! बिचारा संशोधक रात्रभर मोजत बसतो आणि सकाळी कोरा कागद. आयबेरिओटॉक्सिन चार हजारांच्या थोडं वर आहे, म्हणून वाचलं. हा परिच्छेद नाही समजला तरी चालेल, पुढचा समजेल.

काथ्याची एक दोरी घ्या, सुंभ. तिच्यावर ओळीने ३७ गाठी मारा आणि प्रत्येक गाठीला नंबर द्या. दोरी मुठीत चुरगळा आणि मूठ बंद. आता मी तुम्हाला मुठीतलं दाखवणार नाही, फक्त यादी देईन: अमकी गाठ तमकीला टेकली आहे, ही तिच्याजवळ आहे, तीही. दोन-चार नोंदींवरून काही कळणार नाही, दोरी हजार तऱ्हांनी तशी चुरगळता येईल. पण नोंदी शेकडो झाल्या की त्या सगळ्या एकाच वेळी पाळणारी घडी जवळजवळ एकच उरते. संगणक ती शोधतो. एकदा नाही, वीस-पंचवीस वेळा, दर वेळी वेगळ्या चुरगळ्यापासून सुरुवात करून. सगळी उत्तरं एकावर एक बसली तर भरवसा. जिथे बसत नाहीत, तो भाग एक तर नीट मोजला गेलेला नाही किंवा प्रथिनातच तिथे हालचाल आहे.

अशा रीतीने एका संपूर्ण प्रथिनाची रचना द्रावणात पहिल्यांदा काढली ती १९८४-८५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये कुर्ट व्यूथ्रिख यांच्या गटाने. त्यांना २००२ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हे सगळं ज्या गणिती पद्धतीमुळे शक्य झालं, तिच्यासाठी रिचर्ड अर्न्स्ट यांना त्याआधीच, १९९१ मध्ये.

विंचवाच्या सुंभाची घडी कशी निघाली? एका बाजूला तीन पट्ट्यांची चटई, तिच्यावर आडवं ठेवलेलं छोटं मळसूत्र. आणि दोघांना एकत्र ठोकणारे गंधकाचे तीन खिळे: ७ वा मणी २८ व्याला, १३ वा ३३ व्याला, १७ वा ३५ व्याला. अंड्याचं प्रथिन तापवलं की उलगडून गोठतं. असले तीन खिळे ठोकलेलं इतकं लहान प्रथिन सहजासहजी उलगडत नाही. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, हे इथे अक्षरशः लागू पडतं.

हा गुंडा पेशीच्या आवरणातल्या पोटॅशियमच्या एका मोठ्या दाराला बूच मारतो. त्याच्या जवळच्या नात्यातलं, दुसऱ्या विंचवाचं कॅरिब्डोटॉक्सिन तर आपल्या २७ व्या मण्याचं धन भारित टोक थेट दाराच्या भोकात खुपसतं. प्रथिन कुठल्या अंगाने दुसऱ्याला चिकटतं हे शोधायलाही एनएमआर कामी येतं. एकाचा आलेख काढायचा, मग दुसरं थोडं थोडं मिसळत जायचं आणि कोणते सूर सरकतात ते पाहायचं. ज्यांचे सरकले ते चिकटण्याच्या जागेजवळचे. औषध कंपन्या हे रोज करतात. फार मोठ्या प्रथिनांसमोर मात्र हे तंत्र हात टेकतं. ती इतकी संथ गडगडतात, की सूर पसरट होऊन एकमेकांत मिसळतात.

"मग विंचवावरचं औषध याच मशीनने शोधलं?" काकांनी विचारलं. नाही, आणि हे ठणकावून सांगायला हवं, कारण आजकाल कुठल्याही यंत्राला कशाचंही श्रेय देतात. लाल विंचू माणूस मारतो तो मुख्यतः त्याच्या विषातल्या दुसऱ्या रेणूंनी, जे सोडियमची दारं उघडी ठेवतात. अंगात अड्रेनलिनसारख्या द्रव्यांचं वादळ उठतं, घाम सुटतो, हातपाय गार पडतात, फुप्फुसांत पाणी भरतं. हे रुग्णाच्या उशाशी बसून ओळखलं ते महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी. प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध त्यांनी वापरलं आणि १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. गंभीर रुग्णांत शंभरातले तीस-चाळीस दगावायचे, ते प्रमाण एखाद्यावर आलं. तिथे ना हेलियम होता ना महागडा चुंबक.

आणि मंत्राने विंचू उतरतो त्याचं काय? उतरतो खरा, कारण पुष्कळदा चावलेला असतो तो मोठा काळा विंचू, ज्याने ठणका लागतो पण सहसा जीव जात नाही. लाल विंचवाचेही सगळे डंख सारखे भरलेले नसतात. ठणका काही तासांनी आपसूक ओसरतो, नारळ मांत्रिकाला जातो. ज्या पोराला खरंच घाम आणि उलट्या सुटल्या आहेत, त्याचे मोलाचे दोन तास मात्र त्या नारळात जातात.

आयबेरिओटॉक्सिन आता कृत्रिमरीत्या बनवून इवल्याशा कुप्यांत विकलं जातं. कुठल्या पेशीत पोटॅशियमचं ते मोठं दार आहे, हे तपासायला प्रयोगशाळा ते वापरतात. मी काकांना तेही सांगत होतो, पण ते मधेच उठले. "रत्नागिरीला सोमवारी जाऊया त्या मशीनसाठी," म्हणाले. पडवीच्या पायरीवर थांबून दोन्ही चपला उलट्या करून झटकल्या, आत बॅटरी मारून पाहिलं आणि मगच पाय घातले.