समेवर भेटणारी माणसे

नुकत्याच जन्मलेल्या बाळाला लय कळते का, हे त्याला विचारता येत नाही, पण त्याच्या मेंदूकडून जाणून घेता येते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दोन-तीन दिवसांच्या बाळांना झोपेतच ड्रमचा ठेका ऐकवून त्यांच्या मेंदूतील विद्युत लहरी नोंदवण्यात आल्या. ठेक्यातला एखादा किरकोळ ठोका गाळला तर त्या लहरींत विशेष फरक पडत नसे. पण आवर्तनाचा पहिला, वजनदार ठोका, म्हणजे आपण जिला सम म्हणतो तीच गाळली, की मेंदू अपेक्षाभंग झाल्यासारखा प्रतिसाद देई. घरातला सर्वांत लहान माणूससुद्धा समेची वाट पाहतो, असे यावरून दिसते.

या जाणिवेचा नात्यांशी काय संबंध आहे, हे कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या २०१४ मधील प्रयोगातून स्पष्ट होते. चौदा महिन्यांच्या बाळाला अंगाशी बांधून घेतलेली सहायक त्याला संगीताच्या तालावर हलकेच झुलवत असे आणि समोर उभी असलेली संशोधिका कधी त्याच तालावर, तर कधी मुद्दाम वेगळ्या गतीने झुलत असे. त्यानंतर तिने हातातील वस्तू ‘चुकून’ खाली पाडल्या, तेव्हा तिच्याशी ताल जुळलेल्या बाळांनी त्या अधिक वेळा उचलून दिल्या. ही मदत सरसकट कोणालाही मिळत नव्हती, हे पुढच्या प्रयोगात आढळले. प्रयोगाशी संबंध नसलेल्या अनोळखी व्यक्तीला तिचा लाभ झाला नाही.

जर्मनीत लाइपझिग येथे २०१० मध्ये चार वर्षांच्या ९६ मुलांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्षही असाच होता. जोडीने गात, वाजवत आणि नाचत खेळलेली मुले, तोच खेळ संगीताविना खेळलेल्या मुलांपेक्षा, आपल्या जोडीदाराला नंतर अधिक मदत करताना दिसली.

असे का होत असावे? दुसऱ्याची हालचाल आपल्याच हालचालीच्या क्षणी घडू लागली, की ‘मी’ आणि ‘तो’ यांमधील सीमा काहीशी पुसट होते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. दुसरे स्पष्टीकरण रासायनिक आहे. गाणे, वाजवणे किंवा नाचणे यांनंतर माणसाची वेदना सहन करण्याची क्षमता वाढलेली आढळते आणि ते शरीरात एंडॉर्फिन हे वेदना कमी करणारे रसायन स्रवल्याचे अप्रत्यक्ष लक्षण मानले जाते. नुसते संगीत ऐकत बसल्याने मात्र असा परिणाम दिसला नाही. म्हणून घरात कोणी बेसूर गुणगुणत असेल तर त्याला गप्प करण्यापूर्वी थोडा विचार करावा, असे मला वाटते. या प्रयोगांत सुरेलपणाची परीक्षा कोणीच घेतली नव्हती.

मूल मोठे झाल्यावर चित्र बदलते, कारण स्वतःची वेगळी आवड हीच किशोरवयातील ओळख असते आणि हेडफोन त्या ओळखीभोवतीचे कुंपण. तरीही अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाच्या अभ्यासात, पालकांसोबत संगीत ऐकल्याच्या किंवा गायल्याच्या आठवणी असलेल्या तरुणांनी पालकांशी असलेले आपले नाते अधिक चांगले असल्याचे सांगितले आणि हा संबंध बालपणापेक्षा किशोरवयातील आठवणींच्या बाबतीत अधिक ठळक होता. मुळात ज्यांचे पटते तेच एकत्र गाणी ऐकत असतील, ही शक्यता अशा अभ्यासातून पूर्णपणे वगळता येत नाही. त्यामुळे गाणे हे बिघडलेल्या नात्यावरचे औषध आहे, असे त्यावरून म्हणता येणार नाही.

आवड पुढच्या पिढीत कशी झिरपते, याचे सर्वांत रंजक उत्तर कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१३ मधील अभ्यासात मिळते. सुमारे वीस वर्षांच्या तरुणांना १९५५ ते २००९ या काळातील, दरवर्षीच्या सर्वाधिक लोकप्रिय गाण्यांचे तुकडे ऐकवण्यात आले. आपल्या पौगंडावस्थेतील गाण्यांशी माणसाच्या आठवणी घट्ट जोडलेल्या असतात आणि आठवणींच्या आलेखात त्या वर्षांपाशी उंचवटा दिसतो, हे आधीपासून माहीत होते. येथे मात्र १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या, म्हणजे या तरुणांच्या जन्माआधीच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या तरुणपणीच्या गाण्यांबाबतही तसाच उंचवटा आलेखात उमटला. आईवडील आपल्या आवडीची गाणी घरात लावत राहिले आणि ती मुलांच्या कानांवर पडत गेली, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले. १९६० च्या दशकापाशी आणखी एक लहान उंचवटा होता. तो आजीआजोबांकडून आला असावा किंवा त्या काळातील गाणीच सरस असावीत, अशा दोन्ही शक्यता संशोधकांनी मांडल्या. मला पहिली अधिक पटते. त्या दशकात तरुण असलेले वाचक बहुधा दुसरीच्या बाजूने उभे राहतील.