जकात वेगळी, आरटीओ वेगळा : ब्रेक्झिट नेमकं कुठे अडलं?

महाराष्ट्रात जकात होती तेव्हाचा ट्रक आठवा. नाक्यावर थांबून मालावरची जकात भरायची, ती भरून झाली तरी पुढे आरटीओचा माणूस उभाच. परवाना, वजन, कागदपत्रं. उद्या सरकारने जकात माफ केली (२०१७ मध्ये मुंबईतली गेलीच), म्हणून आरटीओ काही घरी जात नाही.

ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनच्या युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, बातम्यांत ‘कस्टम्स युनियन’ आणि ‘सिंगल मार्केट’ हे शब्द जोडीने यायचे आणि आपण दोन्ही एकच समजून पुढे जायचो. पहिली जकातीची गोष्ट आहे, दुसरी आरटीओची.

युरोपातली ही कस्टम्स युनियन १९६८ मध्ये पूर्ण झाली. सदस्य देशांत आपसात आयात शुल्क नाही आणि बाहेरच्या मालावर सगळ्यांचा दर एकच. तिरुपूरचा शर्ट रॉटरडॅमला उतरला की तिथे एकदा शुल्क भरायचं, मग तो पॅरिसला विका नाहीतर रोमला. बदल्यात दर ठरवण्याचा हक्क सोडावा लागतो. म्हणजे भारताशी वेगळा करार करून ‘तुमच्या मालावरचं शुल्क आम्ही कमी करतो’ असं एकट्या ब्रिटनला म्हणता येत नव्हतं.

पण शुल्क शून्य झालं म्हणून माल सुटतो असं नाही. फ्रान्सची ‘कासिस द दिजों’ ही गोड दारू जर्मनीत न्यायला एकाने परवानगी मागितली, तर ती नाकारली गेली. कारण काय, तर जर्मन कायद्याप्रमाणे अशा दारूत किमान २५ टक्के अल्कोहोल हवं. दारू पुरेशी कडक नाही म्हणून बंदी! प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं. १९७९ मध्ये निकाल लागला, की एका देशात रीतसर विकला जाणारा माल सबळ कारणाशिवाय दुसऱ्या देशाने अडवू नये. या विचारावर पुढे १९९३ मध्ये सिंगल मार्केट उभं राहिलं. वस्तू, सेवा, भांडवल आणि माणसं, चौघांना मोकळी वाट. यातली ‘माणसं’ अनेक ब्रिटिश मतदारांना खुपत होती.

आपल्याकडे याचा चटका बसला तो हापूसला. पेट्यांत फळमाशी सापडते म्हणून १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला. सोबत अळू, कारली, पडवळ आणि वांगीही. लंडन-लेस्टरच्या दुकानदारांनी आरडाओरडा केला, पण निर्णय सगळ्या संघाचा होता. एकट्या ब्रिटनला आंबा आत घेता येईना. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली.

या दोन्हींपैकी नुसती एकही घेता येते. नॉर्वे सिंगल मार्केटमध्ये आहे, पण कस्टम्स युनियनमध्ये नाही, त्यामुळे स्वीडनच्या सीमेवर त्याचे ट्रक कस्टम्सपाशी थांबतात. तुर्कस्तानचं उलट. कारखान्यातल्या मालापुरती कस्टम्स युनियन आहे, तरी बल्गेरियाच्या सीमेवर ट्रकच्या रांगा लागतात.

आता पेच पाहा. ब्रिटनचा भाग असलेलं उत्तर आयर्लंड आणि संघात राहिलेलं आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यात सुमारे ५०० किलोमीटरची सीमा, तिच्यावर दोनशेहून जास्त रस्ते. उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या शांतता करारानंतर तिथे पुन्हा नाके उभारायला कुणीच तयार नव्हतं. नाके नकोत, तर मालापुरती जकातही नको आणि आरटीओही नको, म्हणजे कस्टम्स युनियन आणि सिंगल मार्केट दोन्ही हवं. तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी तर दोन्हींतून बाहेर पडायचं आधीच जाहीर केलेलं. मग तोडगा निघाला ‘बॅकस्टॉप’चा. दुसरा मार्ग सापडेपर्यंत सगळा ब्रिटन संघासोबत एकाच शुल्कक्षेत्रात राहील आणि उत्तर आयर्लंड शिवाय मालाचे युरोपीय नियमही पाळेल. पहिल्या अर्ध्याने त्यांच्याच पक्षातले कडवे ब्रेक्झिटवाले भडकले, दुसऱ्याने सरकार टेकून धरणारे डीयूपीचे दहा खासदार; उत्तर आयर्लंडच्या या पक्षाला ब्रिटनपासून वेगळं पडायचं नव्हतं. १५ जानेवारी २०१९ ला मे यांचा हा बाहेर पडण्याचा करार संसदेत २३० मतांनी पडला. मार्चमध्ये आणखी दोनदा पडला.

१ एप्रिलला खासदारांनी स्वतःच पर्याय मतदानाला घेतले. कायमच्या कस्टम्स युनियनचा प्रस्ताव २७३ विरुद्ध २७६, अवघ्या तीन मतांनी हरला. या तीन मतांवर लोक अजून हळहळतात. मला त्यात फारसा अर्थ वाटत नाही. तो जिंकला असता तरी नियमांची तपासणी उरलीच असती.

शेवटी मे यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी तपासणीची सीमा उत्तर आयर्लंड आणि बाकीच्या ब्रिटनमधल्या समुद्रात ढकलली. उत्तर आयर्लंड कागदोपत्री ब्रिटनच्या शुल्कक्षेत्रात, पण मालाचे नियम युरोपचे. १ जानेवारी २०२१ पासून स्कॉटलंडच्या शेतकऱ्याला बटाट्याचं बेणं आपल्याच देशातल्या उत्तर आयर्लंडमध्ये पाठवता येईना. ती बंदी सैल व्हायला २०२३ उजाडलं. बेण्यावर शुल्क एक पैसाही नव्हतं.