बँक भरतीचा फॉर्म : फोटो, सही, अंगठा आणि डिक्लरेशन कुठे अडकतं

आयबीपीएसच्या (सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणारी संस्था) क्लार्क (२०२५ पासून जाहिरातीत 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट') किंवा पीओच्या (प्रोबेशनरी ऑफिसर) फॉर्ममध्ये नाव-पत्ता-मार्क्स पोरं भराभर भरतात आणि अपलोडच्या पानावर येऊन बसतात. भरतीच्या पोर्टलांवर लाल अक्षरात 'इनव्हॅलिड फाइल' एवढंच येतं, साइज चुकली की फॉरमॅट चुकला हे सांगायचे कष्ट बनवणाऱ्याने घेतलेलेच नसतात. मग तोच फोटो परत परत टाकत बसायचं.

पात्रता थोडक्यात. कुठल्याही शाखेची पदवी, पीओला वय २० ते ३०, क्लार्कला २० ते २८, ओबीसींना ३ आणि एससी-एसटींना ५ वर्षं सूट. क्लार्कला ज्या राज्यातून अर्ज करताय तिथली भाषा यायला लागते. बाकी तुमच्या वर्षीची जाहिरात उघडून बघा, आकडे तिथलेच धरायचे.

आता फाइली. सगळ्या जेपीजी. फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० बाय ६० पिक्सेल, १० ते २० केबी. डाव्या अंगठ्याचा ठसा २४० बाय २४०, २० ते ५० केबी. हाताने लिहिलेलं डिक्लरेशन, म्हणजे दिलेली माहिती खरी असल्याची हमी, ८०० बाय ४००, ५० ते १०० केबी. शिवाय अलीकडे वेबकॅम किंवा मोबाइलवरून लाइव्ह फोटोही घेतात, त्यासाठी उजेडात बसा, बस्स.

सगळ्यात जास्त लोक सहीवर अडकतात, आणि फाइल मोठी झाली म्हणून नाही तर लहान झाली म्हणून. वरची मर्यादा सगळ्यांना दिसते, खालची कोणी वाचतच नाही. पांढऱ्या कागदावर चार रेघा, ती सही कापून १४० बाय ६० केली की फाइल बऱ्याचदा ४-५ केबीची होते आणि पोर्टलला किमान १० पाहिजे. मग माणूस अजून कंप्रेस करतो, कारण त्याला वाटतं साइजचा प्रॉब्लेम म्हणजे मोठी झाली असणार. उलटं करा. फोटो आणि सहीच्या पिक्सेलपुढे जाहिरातीत 'प्रेफर्ड' (म्हणजे शक्यतो) लिहिलेलं असतं, केबीपुढे नाही, म्हणजे केबी पाळायलाच लागतात. प्रमाण तेच ठेवून २८० बाय १२० करा, किंवा सेव्ह करताना क्वालिटी वाढवा, १० च्या वर जाते.

रिसाइज करायच्या आधी क्रॉप करा हे मात्र पाळाच. पेंटमध्ये उभा फोटो घेऊन थेट २०० आणि २३० आकडे टाकले की चेहरा कणीक दाबल्यासारखा रुंद होतो. पोर्टल घेतं तो फोटो, पण पुढे परीक्षेला तपासणारा माणूस असतो.

दुसरा घोळ आयफोनवाल्यांचा. आयफोन २०१७ पासून फोटो एचईआयसी नावाच्या, जेपीजीपेक्षा वेगळ्या फॉरमॅटमध्ये काढतो, कोणीतरी सांगतं की नाव बदलून शेवटी जेपीजी लिही, झालं. नाही होत. नाव बदललं तरी आतला माल तोच राहतो, आणि नीट बनवलेलं पोर्टल नावावर विश्वास न ठेवता फाइलच्या सुरुवातीचे बाइट्स वाचतं, खऱ्या जेपीजीची सुरुवात ठरलेलीच असते. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, मोस्ट कंपॅटिबल करा आणि फोटो परत काढा. स्क्रीनशॉटचंही तेच, तो बहुतेक वेळा पीएनजी असतो. फाइलचं नाव इंग्रजीत, छोटं, मध्ये स्पेस-टिंब-कंस नको, 'सही फायनल (२)' असलं तर अजिबातच नको.

आणि ते फुकटात २० केबी करून देणाऱ्या वेबसाइट. तुमचा चेहरा, सही आणि अंगठा तिन्ही एकाच अनोळखी ठिकाणी चढवताय हे जरा लक्षात घ्या. कॉम्प्युटरवरच्या पेंटमध्ये हे सगळं होतं.

हिरवी टिक आली म्हणजे पोर्टलने फक्त मापं बघितली. सही कॅपिटल अक्षरात केली तर पोर्टलला कळत नाही, पण ती चालत नाही. सही काळ्या शाईने करायची. डिक्लरेशन इंग्रजीतच, स्वतःच्या हाताने, जाहिरातीत दिलेला मजकूर जसाच्या तसा, तेही कॅपिटलमध्ये नाही. मराठीत लिहिलं, किंवा बहिणीचं अक्षर छान म्हणून तिच्याकडून लिहून घेतलं, की अर्ज बाद धरतात. ज्यांना लिहिता येत नाही अशा दिव्यांगांसाठी जाहिरातीत वेगळी सोय असते, ती वाचा. अंगठा शाईच्या पॅडवर हलकाच टेकवा, जोरात दाबला की नुसता काळा डाग येतो, रेषा दिसल्या पाहिजेत. डावा अंगठा नसेल तर उजवा चालतो. फोटोच्या जागी सही आणि सहीच्या जागी फोटो गेला तर परीक्षेलाच बसू देत नाहीत, म्हणून फायनल सबमिटच्या आधी प्रिव्ह्यू मोठा करून बघा, मोबाइलवर अंगठ्याएवढ्या चित्रात काही कळत नाही.

एक कागद अपलोड करावा लागत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे बघतच नाही, तो म्हणजे जातीचा दाखला. फॉर्ममध्ये ओबीसीवर टिक केली, पण सेतूतून काढलेला दाखला राज्याच्या नमुन्यातला आहे. इथे केंद्राच्या नमुन्यातला, नॉन-क्रीमी लेयरच्या उल्लेखासह लागतो आणि तुमची जात केंद्राच्या यादीत पाहिजे. राज्याचा एसईबीसी (मराठा आरक्षणाचा) दाखला इथे चालत नाही. निवड होता होता हे कळतं तेव्हा धावपळ करून उपयोग नसतो, म्हणून फॉर्म भरायच्या आठवड्यातच तहसीलला अर्ज टाका. तिथला साहेब कोणता नमुना म्हणून विचारेलच, तर जाहिरातीला जोडलेल्या नमुन्याची प्रिंट सोबत न्या.

शेवटची तारीख फॉर्मची आणि फीची एकच असते. रजिस्ट्रेशन नंबर आला म्हणजे अर्ज गेला असं नाही, फी कट होऊन ई-रिसीट निघाली तरच गेला. खात्यातून पैसे गेले आणि रिसीट नाही आली तर परत लॉगिन करून स्टेटस बघा, आणि यासाठी हातात एक-दोन दिवस असू द्या, शेवटच्या रात्री साइट धड उघडतही नाही.