कम्युनिटी कॉलेजची केमिस्ट्री मेडिकलला चालत नाही?

अमेरिकेतल्या मराठी घरांत ही समजूत पक्की बसली आहे: केमिस्ट्री नामांकित विद्यापीठातच करायची, कम्युनिटी कॉलेजचं (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचं) क्रेडिट दिसलं की मेडिकलचा अर्ज बाद. असा सरसकट नियम नाही. बहुतेक मेडिकल कॉलेजं ती क्रेडिट्स धरतात. काहींची पसंती चार वर्षांच्या कॉलेजला, एवढंच. हार्वर्ड एक्स्टेन्शनसारख्या (हार्वर्डची नोकरदारांसाठीची शाखा) ठिकाणी तर नोकरी सांभाळून संध्याकाळी ऑरगॅनिक केमिस्ट्री करता येते.

खरी मेख लॅबमध्ये आहे. नेहमीची मागणी म्हणजे जनरल केमिस्ट्री एक वर्ष, ऑरगॅनिक एक वर्ष, दोन्ही लॅबसकट. २०१५ पासून एमकॅटमध्ये (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत) बायोकेमिस्ट्रीचं वजन वाढलं, त्यामुळे तीही टाळून भागत नाही. पण घरबसल्या स्क्रीनवर केलेलं टायट्रेशन? कुठे चालतं, कुठे अजिबात नाही. म्हणून फी भरण्याआधी त्या त्या कॉलेजची अट ‘एमएसएआर’ या अधिकृत सूचीत बघा. व्हॉट्सॲपवरच्या काकांना विचारू नका.

आणि हो, कम्युनिटी कॉलेजात मिळालेली ‘सी’ ग्रेड लपत नाही. ‘ॲमकॅस’ या मेडिकलच्या सामायिक अर्जाला प्रत्येक कॉलेजची गुणपत्रिका लागते, आणि विषय पुन्हा केला तरी दोन्ही ग्रेड सरासरीत मोजल्या जातात.