आधी माणूस की आधी पशू?

बायबलमधले ‘उत्पत्ती’ हे पहिलेच पुस्तक उघडा. दोन पानांत सृष्टी दोनदा निर्माण होते. पहिल्या अध्यायात सहा दिवसांचा चोख हिशेब आहे: तिसऱ्या दिवशी झाडे, पाचव्या दिवशी मासे नि पाखरे, सहाव्या दिवशी पशू आणि शेवटी माणूस, नर-नारी बरोबरच. दुसऱ्या अध्यायात मातीतून आधी पुरुष घडतो, मग बाग लागते, मग पशुपक्षी येतात आणि सर्वांत शेवटी त्याच्या फासळीतून स्त्री.

ही विसंगती आजच्या शंकेखोरांनी शोधलेली नाही. अकराव्या शतकातला ज्यू भाष्यकार राशी सांगून गेला की आधी गोषवारा आहे, मग तपशील. ऐकणाऱ्याला ती निराळी गोष्ट वाटते इतकेच. त्याच्याही कितीतरी आधी ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनला दुसरेच कोडे पडले होते. सूर्य चौथ्या दिवशी झाला, तर आधीचे तीन दिवस मोजले कशावर? त्याने सगळी सृष्टी एकाच क्षणी झाल्याचे मानले, आणि गंमत म्हणजे हे सांगणाऱ्या त्याच्या ग्रंथाच्या नावातच ‘शब्दशः अर्थ’ आहे! शब्दशः म्हणजे चोवीस तासांचा दिवस, हे समीकरण त्याला मान्य नव्हते.

पुनरुक्तीकडे पुरावा म्हणून पाहिले ते एका डॉक्टरने. फ्रान्सच्या झाँ आस्त्रुकने 1753 मध्ये निनावी पुस्तक काढले. एका कथेत ईश्वराचे नाव एक, दुसरीत दुसरे, हे पाहून त्याने मजकूर वेगवेगळ्या स्तंभांत मांडला. मराठी बायबलातही हा फरक दिसतो: पहिल्या अध्यायात नुसता ‘देव’, दुसऱ्यात ‘परमेश्वर देव’. परंपरेने या पुस्तकाचा लेखक मानल्या गेलेल्या मोशेने जुनी टिपणे वापरली, एवढेच आस्त्रुकला म्हणायचे होते; मोशेचे लेखकपद त्याला वाचवायचे होते. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मन पंडित वेलहाउझेनने त्याच वाटेने जाऊन ते लेखकपदच काढून घेतले. पहिला अध्याय उशिराच्या पुरोहितवर्गाचा, असे त्याचे म्हणणे. कासुतोसारख्या ज्यू पंडितांना हे तुकडे पाडणे पटले नाही.

1925 साली अमेरिकेतल्या डेटन गावी, शाळेत उत्क्रांती शिकवल्याबद्दल चाललेल्या खटल्यात उत्क्रांतिवादाचा कट्टर विरोधक ब्रायन साक्षीला उभा राहिला, आणि सृष्टीचे दिवस चोवीस तासांचेच असतील असे नाही, हे त्याने स्वतःच कबूल केले. सहा दिवस अक्षरशः मोजण्याचा आजचा आग्रह अमेरिकेत फोफावला तो मुख्यतः 1961 साली ‘द जेनेसिस फ्लड’ हे पुस्तक निघाल्यानंतर.

काही इंग्रजी भाषांतरांनी सोपी पळवाट काढली: दुसऱ्या अध्यायात देवाने पशू ‘घडवले’ याऐवजी ‘घडवले होते’. एका ‘होते’ने क्रम जुळतो. मूळ हिब्रू क्रियापद मात्र पुरुषाला घडवतानाचेच आहे, तेच रूप.